फुफाजींच्या घरातून निळा हद्दपार

माणसाच्या मनाचं असं एकही दुखणं नाही, की ज्यावर माझ्या फुफाजींकडे रंग नाही. राग, धास्ती, उदासी, परीक्षेची भीती, भावकीतली अढी, सोयरीक मोडल्याची चिडचिड, ग्रामपंचायतीत पडल्यानंतरचा अबोला, या सगळ्यांवरचं औषध त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात असतं. औषध म्हणजे जिलेटीनच्या पारदर्शक रंगीत कागदांचे विड्याच्या पानाएवढे तुकडे. तुम्ही समोर आलात की रामराम घालण्याआधी ते एक डोळा मिटून तुमच्याकडे बघतात, खिशात दोन बोटं घालतात आणि एक तुकडा काढून तुमच्या डोळ्यांसमोर धरतात. मग विचारतात, "आता कसं वाटून राहिलं?" बरं वाटतंय असं म्हणेपर्यंत कागद खाली येत नाही, त्यामुळे त्यांच्या उपचाराने बरं न वाटलेला माणूस अड्याळमध्ये आजवर सापडलेला नाही.

फुफाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांची माझी गाठ म्हणजे आग आणि गवताची गाठ. मी मोहाडीच्या ज्या घरात वाढले, तिथे धानाच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. माझे बाबा पत्रकं लिहीत, छापून आणत आणि आठवडी बाजारात स्वतः वाटत. गंडेदोरे, अंगात येणं, पाण्यात फुंकर मारून देणारे महाराज, हुंडा, तलावाच्या पोटात झालेलं अतिक्रमण, कशालाही सोडत नसत. मला बाराखडी आली ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून. अशा मुलीने रंगाने मन बरं करणाऱ्या माणसाचं काय करावं? मी पत्रक काढलं. मागे तालुक्याच्या गावात एक इसम रंगीत बाटल्यांतलं पाणी उन्हात ठेवून 'मनःशांतीचा अर्क' म्हणून विकायला बसला होता. त्याच्याविरुद्ध मी लिहिलं होतं, पण शेवटच्या परिच्छेदात एक टोला मुद्दाम अड्याळच्या दिशेने मारला होता. फुफाजींनी ते पत्रक वाचलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "लिवलं झकास. पन कागद गुलाबी काहून घेतला? गुलाबीवर शिवी देल्ली तरी मानूस हासत वाचते. याले लाल पायजे होता, पोरी." मी म्हटलं, फुफाजी, गुलाबी स्वस्त पडतो. तर त्यांनी शंभरेक पत्रकं उचलली आणि बाजारात वाटून आले. मजकुरासाठी नाही, लोकांच्या हातात तेवढाच गुलाबी जाईल म्हणून.

हे वेड त्यांना कुठल्या पुस्तकातून लागलेलं नाही. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि मंडईला नाटक असतंच. उभी हयात फुफाजींनी या नाटकांना उजेड दिला. मंडपाच्या एका कडेला बांबूच्या माचीवर दोन फोकस घेऊन बसायचं आणि प्रसंग येईल तसा तारेच्या चौकटीत ताणलेला रंगीत कागद फोकसपुढे सरकवायचा, हे त्यांचं काम. खलनायक आला की लाल. लग्न ठरलं की पिवळा. शेताच्या बांधावर दोघं भेटली की हिरवा. आणि लेक सासरी निघाली, माय वारली, भाऊ भावाला पारखा झाला, की निळा. निळा पडला की समोरच्या हजारो बायांचे पदर एकदम डोळ्यांकडे जायचे. फुफाजी माचीवरून हे वर्षानुवर्षं बघत आले आणि त्यांचा सिद्धांत पक्का झाला: नट ओरडतात तो नुसता आवाज, माणूस हसतो, रडतो, चिडतो तो कागदामुळे. याला ते पुरावाही देतात. एकदा डुलकी लागली आणि नायकाच्या विधवा आईवर त्यांच्या हातून लाल पडला. ती बिचारी मुलाला घास भरवत होती. प्रेक्षकांनी लगेच ओळखलं की भाताच्या घासात विष आहे. "नोको खाऊ रे!" म्हणून मंडप ओरडायला लागला आणि पुढचे दोन अंक त्या बाईच्या प्रत्येक वाक्याला शिव्या पडल्या. त्या नटीने फुफाजींशी पुन्हा बोलणं ठेवलं नाही. फुफाजींना तिचं वाईट वाटतं, पण डोळे चमकतात. "पाह्यलं? मायची मया एका कागदानं पुसली."

पुढे बटन दाबलं की सतरा रंग फेकणारे डबे आले आणि माचीवर बसणाऱ्या माणसाची गरज संपली. दुसरा कोणी खचला असता. फुफाजींनी उलट सगळा तालुका हाच मंडप धरला. एकदा भंडारा-पवनी बसमध्ये एका प्रवाशाची आणि कंडक्टरची सीटवरून जुंपली. फुफाजी उठले आणि त्यांनी कंडक्टरच्या नाकासमोर हिरवा कागद धरला. कंडक्टर गप्प झाला. माझ्या मते तो घाबरून गप्प झाला. कुणीही झाला असता. फुफाजी मात्र आजही हिरव्याची थोरवी सांगताना त्या कंडक्टरचा दाखला देतात. त्यांच्या गल्लीत दोन सख्खे भाऊ सामाईक भिंतीवरून वर्षानुवर्षं भांडत होते. ते दोघे शेतात धानाच्या रोवणीला गेलेले बघून यांनी ती भिंत दोन्ही बाजूंनी हळदी पिवळी रंगवून टाकली, कारण पिवळा म्हणजे मांडवाचा रंग आणि मांडवात भाऊ भांडत नाहीत. संध्याकाळी दोघे भाऊ खरंच एक झाले आणि मिळून फुफाजींच्या दारात आले. आत्याने त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि नवऱ्याला त्यांच्यासमोरच असं झाडलं, की ते दोघेच म्हणाले, "राहू द्या वो वयनी, मानूस वाईट नाई."

आत्या तशीच होती. घराच्या अंगणात हसली की तलावाच्या पाळीवर ऐकू जायचं. फुफाजींच्या रंगांची सगळ्यात जास्त टिंगल तिने केली आणि सगळ्यात जास्त सोसलंही तिनेच.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. आत्याचा एकुलता एक भाऊ. बाबांची इच्छा स्पष्ट होती: देहदान, ना दहावं, ना तेरावं, ना पिंड. आम्ही तसंच केलं आणि मला त्याचा आजही अभिमान आहे. माझ्या वेळी माझंही तसंच करा, हे मी इथे छापून ठेवते. दवाखान्यातूनच गाडी नागपूरला गेली. आत्या अड्याळहून पोहोचली तेव्हा गाडी निघून गेली होती. मग श्रद्धांजली सभा झाली. जिल्ह्याभरातून माणसं आली, भाषणं झाली, मी बोलले, आणि चांगलं बोलले असावे, कारण शेवटी लोकांनी टाळ्याही वाजवल्या. आत्या पहिल्या रांगेत होती. डोळे कोरडे. आमच्या विचारांच्या लोकांनी तिचं कौतुक केलं की बहीण भावासारखीच खंबीर आहे.

घरी परतली आणि आत्या थांबली. दुसरा शब्द मला सुचत नाही. भात चुलीवर ठेवायची आणि तो करपला तरी उठायची नाही. शेजारणी यायच्या, बोलायच्या, निघून जायच्या. विचारलं तर "बरं हाय." घरात आवाज म्हणाल तर फक्त फुफाजींचा, आणि तोही स्वतःशीच. महिना गेला, दुसराही जात आला. तिचं अंग उतरायला लागलं.

मी तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नीट वेळ दिला, गोळ्या दिल्या, पुन्हा बोलावलं, घरच्यांनी हिच्याशी बोलत राहा म्हणाल्या. फुफाजींना डॉक्टर पसंत पडल्या, गोळी पसंत पडली नाही. "पांढरी हाय वो. पांढऱ्यानं काय होनार? पांढरा तं पडदा पडल्यावरचा रंग." मी सांगितलं की गोळी पोटात जाते, तिथे अंधार असतो, रंग कुणाला दिसत नाही. यावर त्यांनी गोळ्यांसाठी नारिंगी कापडाची पिशवी शिवून घेतली. एक मात्र कबूल करायला हवं. गोळी वेळेवर देण्यात त्यांनी एकही चूक केली नाही.

पण गोळीवर भिस्त ठेवून बसणारे ते नव्हेत. त्यांनी आत्यावर मोहीम उघडली. आधी स्वयंपाकघर पिवळं केलं, भिंती आणि बल्ब दोन्ही. आत्या पाट घेऊन बसली, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "घराले कावीळ झाली." मग खिडक्यांना हिरवे कागद आले. तिने सांगितलं की सकाळी डोळे उघडले की निंदनाले बसल्यासारखं वाटतं आणि कंबर दुखते. मग गुलाबी मच्छरदाणी. ती पाहून आत्या म्हणाली, "या वयात?" एवढंच. पण बऱ्याच दिवसांत आपण होऊन काढलेला तो पहिला शब्द होता आणि फुफाजींनी मला मोहाडीला फोन केला. "बोलली व, बोलली! गुलाबी लागू पडून राहिला!" त्यांचा आवाज असा फुटला होता, की माझ्या ओठांवर आलेलं अख्खं पत्रक मी गिळलं.

आणि निळा? निळा त्यांनी घरातून हद्दपार केला. निळी बादली शेजारी देऊन टाकली. आत्याची मोरपंखी लुगडीसुद्धा पेटीच्या तळाशी गेली, कारण मोर असला तरी शेवटी निळाच. धुण्यात नीळ घालणं बंद झालं आणि त्यांचे पांढरे सदरे पातळ चहाच्या रंगाचे झाले. आभाळाचं काही करता येत नव्हतं, म्हणून दुपारी ते आत्याला अंगणात बसू देत नसत. ढग आले की खुर्ची बाहेर काढत. मी वाद घातला. म्हटलं, फुफाजी, शहरात दवाखान्यांच्या भिंती निळ्या रंगवतात, त्याने मन शांत होतं असं म्हणतात. त्यांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "शहरातल्यांनी आपलं नाटक कुठी पाह्यलं?" मग हळू आवाजात म्हणाले, "तुले मालूम नाई पोरी. निळ्यानं मी बाया पडताना पाह्यल्या. हे आधीच एवढी खंगली. हिच्यावर निळा पडला तं हे उठनार नाई."

डॉक्टरीणबाईंकडे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी आत्याला विचारलं, "रडू येतं का हो?" आत्याने मान हलवली, नाही. त्या पुढे काही विचारणार तेवढ्यात आत्या म्हणाली, "येत नाई असं नाई. जागा नाई."  बाई म्हणाल्या, "जागा कुठे सापडते बघा. घाई नाही." परतीच्या बसमध्ये मी त्याचा अर्थ लावत बसले. आत्या खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर आम्ही तिघे ओसरीवर चहा घेत होतो. अचानक आत्या म्हणाली, "अवो, थे निळा कागद कुठी ठेवला?"

फुफाजींनी घाईघाईने बशी तोंडाला लावली. "कोनता निळा? नाई आपल्याकडं."

"खोटं नोका बोलू. पेटीत असन. काढा."

"कायले पायजे?"

"रडाले पायजे."

मी बशी खाली ठेवली. आत्या माझ्याकडे वळली. "तुले सांगतो बाई. तुह्या बापाचं मन होतं, तसं झालं. चांगलं झालं. पन मी आली तं भाऊ नाई. जाळला नाई, राख नाई. सभेत बसली तं भाषनं. भाषनात रडाले येते का कोनाले? मंग घरी रडू, तं हे मानूस पिवळा बल्ब घेऊन मांगं मांगं." मग म्हणाली, "आमी बाया मंडईच्या नाटकाले काहून जात होतो, सांग? गोष्ट पाहाले? गोष्ट तं दरसाल थेच. घरी डोळ्यातून पानी काढलं का सासू विचारे, काहून रडतं, कोन काय म्हनलं. मांडवात निळा पडला का सप्पा बाया रडे. कोनाची माय मेली असे, कोनाचं लेकरू गेलं असे, कोनाले मार पडला असे. कोनी कोनाले इचारे नाई. सालभराचं थितंच रडून घेत होतो, अन् सकाळी धान कापाले हासत."

 फुफाजी फार हळू म्हणाले, "मंग थे मी रडवत नोव्हतो?"

"तुमी कायले रडवान? तुमी जागा करून देत होते."

आयुष्यभराचा सिद्धांत असा चहाच्या बशीत बुडाला तर माणूस हुज्जत घालतो. मी तर नक्की घातली असती. फुफाजी उठले आणि पेटी उघडायला आत गेले.

धान ठेवायच्या खोलीला एकच खिडकी आहे. ती पोत्याने झाकली की भरदुपारी अंधार होतो. तिथे त्यांनी स्टुलावर जुना फोकस ठेवला. आत्या पोत्यांना टेकून खाली बसली. फुफाजींनी निळ्या कागदाची चौकट हातात घेतली आणि फोकसपर्यंत नेली. ती पुढे सरकेना. हजारो बायांसमोर ज्याने डोळे मिटून निळा टाकला असेल, त्या माणसाला बायकोवर तो टाकवेना. "माह्यानं नाई होत," ते म्हणाले आणि चौकट माझ्या हातात दिली. पण अंगातला कारागीर काही गेला नव्हता. लगेच सूचना सुरू झाल्या. "एकदम नोको टाकू. आधी फोकसचा पिवळा राहू दे. मंग कडेनं सरकव, हळू. मान्साले समजलं नाई पायजे का रंग बदलला. हात वर. आनखी वर. पत्रक वाटून राहिली का बे?"

मी निळा सरकवला. खोली हळूहळू निळी झाली. पोती, भिंत, आत्याचे पांढरे केस. आत्या त्या उजेडात नुसती बसून होती. फुफाजी माझ्याशेजारी फोकसच्या मागे उभे होते, त्यांच्या नेहमीच्या जागी.

"तिकडं काय करता?" आत्या म्हणाली. "इकडं या. तिकडून दिसत नाई."

ते गेले आणि तिच्याजवळ बसले. मला तेव्हा लक्षात आलं, की हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा निळ्याच्या समोर बसत होता. इतकी वर्षं तो कागदाच्या मागेच होता. त्यांनी एकदा वर पाहिलं, डोळ्यांवर हात धरला, आणि आत्याच्या आधी तेच रडायला लागले. साधंसुधं नाही, रेड्याने हंबरडा फोडावा तसं. "भाऊ माह्यासंगं भांडे व," ते म्हणत होते, "दर दिवाळीले भांडे. आता कोन भांडन माह्यासंगं!" आत्याने आधी चकित होऊन त्यांच्याकडे बघितलं. मग तिला हसू फुटलं, ते तिचं तलावापर्यंत जाणारं हसू. आणि हसता हसता ते कधी वळलं ते मला कळलं नाही. तिने फुफाजींचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं आणि भावाच्या नावाने, त्याच्या लहानपणच्या नावाने, जे मी कधी ऐकलंही नव्हतं, हाका मारत रडली.

फोकस गरम झाला, माझे हात भरून आले. कितीतरी वेळाने मी विचारलं, "काढू का?"

"राहू दे थोडा वेळ," आत्या म्हणाली.

त्यानंतर ती चुटकीसरशी बरी झाली असं मी लिहिलं, तर माझ्या बाबांच्या पत्रकांना काळिमा लागेल. गोळ्या चालू आहेत, दवाखान्याच्या फेऱ्या चालू आहेत, आणि वाईट दिवस अजून येतात. पण भात करपत नाही. शेजारीण ती निळी बादली परत द्यायला तयार नाही, म्हणून तिच्याशी रोज सकाळी भांडण होतं, तेही चांगल्या वरच्या आवाजात. फुफाजींचा सिद्धांत मोडला, तरी तुकडे खिशात आहेतच. फरक एवढाच, की कागद समोर धरण्याआधी आता ते विचारतात, "धरू का?" धान ठेवायच्या खोलीत कधीमधी दुपारी एखादी बाई येऊन बसते. फुफाजी फोकस लावून देतात, दार ओढून घेतात आणि ओसरीवर येऊन बसतात. कुणाचं काय, ते विचारत नाहीत आणि दुसऱ्याला विचारूही देत नाहीत. याविरुद्ध पत्रक काढावं असं काही मला त्यात सापडलेलं नाही. शोधते आहे.

परवा निघताना ते मला सोडायला फाट्यापर्यंत आले. बस लांबून दिसली, तसे म्हणाले, "अन् तुह्यासाठी कोन धरन?"

"काय?"

"तुहा बाप होता ना थो."

मी म्हटलं, मी भाषण केलं ना फुफाजी, सभेत.

"थे भाषन भाऊसाठी होतं," ते म्हणाले. "मी तुहं विचारून राहिलो."

बस आली होती. मी म्हटलं, आज नको, उशीर होतो आहे, पुढच्या वेळी बघू. ते बरं म्हणाले. आग्रह केला नाही. मी चढले, मागची खिडकी मिळाली. वळून पाहिलं तर ते रस्त्याच्या कडेला एक हात उंच धरून उभे होते, बोटांत निळा तुकडा. गाडी वळणावर जाईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.